बेसबॉलचं विज्ञान मैदानावर मोजताना: एक टेप, एक मोबाइल आणि एक बॅट

कोल्हापुरात बॉल म्हटलं की आधी पाय हलतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगात आलेला असताना हातात बेसबॉलचा ग्लोव्ह घेऊन कुणी मैदान मागायला गेलं, तर 'हे कसलं ओ?' हा प्रश्न ठरलेला. तरीही शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली पोरं-पोरी इथं आहेत आणि त्यातली काही पुढे बेसबॉलकडे वळतात. हा लेख त्यांच्यासाठी, त्यांच्या पीटीच्या सरांसाठी आणि विज्ञान प्रदर्शनाला दरवर्षी ज्वालामुखीच कशाला करायचा असं वाटणाऱ्यांसाठी आहे.

बेसबॉल शिकवताना काही वाक्यं हमखास ऐकू येतात. 'बॉल बॅटला लागेपर्यंत नजर हलवू नको.' 'हातातला जोर वाढव.' '४५ अंशात उचल, लांब जाईल.' यातली बरीचशी भौतिकशास्त्रापुढे टिकत नाहीत. पण मी सांगतो म्हणून मान्य करू नका. खाली दिलेल्या क्रमानं मोजत गेलात तर दोन-तीन रविवारांत सगळं स्वतःच पडताळून होईल.

सामान फार लागत नाही: ५० मीटरची टेप, फक्की, सुतळी, स्लो-मोशन घेणारा मोबाइल, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक लाकडी बॅट, तीन-चार बेसबॉल आणि तेवढेच टेनिस बॉल. सॉफ्टबॉलची बॅट इथं चालवून घेऊ नका. ती बारीक असते, बेसबॉलच्या माराला टिकत नाही. हेल्मेट मात्र हवंच. मैदानात इतर पोरं खेळत असतील तर बॅटिंगचे प्रयोग टेनिस बॉलवरच करा.

१. आधी मैदान आखा

बेसबॉलचा 'डायमंड' म्हणजे ९० फुटांचा, म्हणजे २७.४३ मीटर बाजूचा चौरस: एका कोपऱ्यावर होम प्लेट, म्हणजे जिच्याशेजारी बॅटर उभा राहतो ती पट्टी, आणि बाकीच्या तीन कोपऱ्यांवर बेस. नुसत्या अंदाजानं काटकोन काढायला गेलात तर तिसरा बेस हमखास सरकतो. सोपी रीत अशी: होम प्लेटच्या मागच्या टोकाला खुंटी ठोका. तिथून समोर ३८.८० मीटरवर दुसऱ्या बेसची खुंटी. आता होमवरून एक आणि दुसऱ्या बेसवरून एक अशा दोन सुतळ्या २७.४३ मीटर मापून ताणा. उजवीकडे जिथं भेटतील तो पहिल्या बेसचा कोपरा, डावीकडे भेटतील तो तिसऱ्याचा. पायथागोरसला यापेक्षा जास्त राबवायची गरज नाही. पहिला आणि तिसरा बेस चौरसाच्या आत बसतात, दुसऱ्याचा मात्र मध्यबिंदू खुंटीवर येतो. आखणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथंच होतो.

पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, पट्टीची पुढची कड होमच्या टोकापासून १८.४४ मीटरवर. पावसाळ्यात गांधी मैदानासारखी जागा पाण्याखाली असते, त्यामुळे हे सगळं दसऱ्यानंतर करणं बरं.

२. बॉल तोला, मग आपटा

नियमाप्रमाणे बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा आणि २२.९ ते २३.५ सेंटिमीटर परिघाचा असतो. म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षा किंचित मोठा, पण हलका. आत बूच आणि रबराचा गाभा, त्यावर लोकरीच्या धाग्याचे घट्ट वेढे आणि वर चामड्याच्या दोन तुकड्यांना जोडणारे १०८ दुहेरी टाके. हे टाके उठावदार असतात आणि पुढचे निम्मे चमत्कार त्यांच्यामुळेच होतात.

आता बॉल दोन मीटरवरून सिमेंटच्या फरशीवर सोडा आणि मागे टेप धरून उसळी चित्रित करा. बॉल ६० सेंटिमीटर वर आला असं धरा. ६० भागिले २०० म्हणजे ०.३, त्याचं वर्गमूळ साधारण ०.५५. हा बॉलचा उसळीचा गुणांक. प्रयोगशाळेत ताशी ९३ किलोमीटर वेगानं लाकडी फळीवर बॉल मारून हीच चाचणी घेतात आणि आकडा याच्याच आसपास अपेक्षित असतो. म्हणजे आदळताना सत्तर टक्के ऊर्जा बॉलच्या पोटातच जिरते. बेसबॉल दिसतो तितका टणटणीत नाही.

एक बॉल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी हाच प्रयोग करा. उसळी कमी झालेली दिसेल. दुसरा बॉल जुलै महिन्यात आठवडाभर उघड्यावर राहू द्या आणि पुन्हा तोला. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत लोकर ओल धरते, बॉल जड होतो आणि मरगळतो. अमेरिकेत डेन्व्हरच्या मैदानावर याचा उलटा वापर करतात: तिथली हवा कोरडी आणि विरळ, बॉल फार लांब जायचे, म्हणून २००२ पासून बॉल ठरावीक दमटपणाच्या खोलीत साठवतात. आपल्याला उलट घट्ट झाकणाचा डबा लागतो.

३. पिचचा (टाकलेल्या बॉलचा) वेग, रडारगनशिवाय

मोबाइल पिचर आणि होमच्या बरोबर मध्यावर, पण बाजूला पुरेसा लांब ठेवा. दोन्ही टोकं चित्रात आली पाहिजेत. स्लो-मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा. पिचर पाऊल टाकून बॉल सोडतो तेव्हा हात पट्टीच्या पावणेदोन मीटर पुढे आलेला असतो, म्हणून बॉलचा खरा प्रवास सुमारे १६.७ मीटरचा. तुमच्या पिचरचा बॉल जिथं सुटतो ती जागा व्हिडिओत पाहून खूण करा आणि टेपनं मोजून घ्या.

हात सुटल्यापासून बॉल होमवर येईपर्यंतच्या फ्रेम मोजा. १४४ फ्रेम भरल्या तर वेळ ०.६० सेकंद, सरासरी वेग ताशी १०० किलोमीटर. एखादी फ्रेम इकडेतिकडे झाली तरी चूक एक टक्क्याच्या आत राहते, म्हणजे स्वस्त रडारगनपेक्षा वाईट काही नाही. वाटेत हवेमुळे बॉलचा सुमारे दहा टक्के वेग कमी होतो, त्यामुळे हातातून सुटतानाचा वेग सरासरीपेक्षा पाचेक टक्क्यांनी जास्त धरा. काही मोबाइल स्लो-मोशनचा फक्त मधला तुकडा हळू करतात आणि कडेचा नेहमीच्या वेगानं दाखवतात. फ्रेम मोजण्याआधी ते सेटिंग बंद करा.

४. बॅटरकडे वेळ किती?

व्यावसायिक पिचरचा ताशी १४५ किलोमीटरचा फास्टबॉल साधारण ०.४३ सेकंदात होमवर येतो. बॅट फिरवायला ०.१५ सेकंद लागतो. उरलेल्या वेळेत बॉल पाहायचा, ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं.

मेंदूला त्यातला किती वेळ लागतो हे पाहायला ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. मित्राला पट्टीच्या शून्यापाशी बोटं उघडी ठेवायला सांगा आणि न सांगता पट्टी सोडा. २० सेंटिमीटरवर पकडली तर वेळ ०.२० सेकंद. (पडलेलं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याच्या दुपटीला ९.८ नं भागा, वर्गमूळ काढा.) ही झाली नुसती बोटं मिटायची वेळ. म्हणजे बॉल अर्धी वाट ओलांडायच्या आधीच बॅटरचा निर्णय झालेला असतो.

आता 'नजर हलवू नको'चं बघू. टेनिस बॉलवर मार्करनं ठसठशीत आकडे लिहा, बॅटरला बॅट न फिरवता फक्त आकडा वाचायला सांगा आणि त्याच्या चेहऱ्याचं स्लो-मोशन घ्या. शेवटच्या टप्प्यात डोळे मागे पडलेले किंवा एकदम पुढे उडी मारलेले दिसतील. टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये हेच दाखवलं. जवळ येणारा बॉल डोळ्यासमोरून इतक्या झपाट्यानं सरकतो की कसलेल्या व्यावसायिक खेळाडूची नजरही होमच्या दीड-पावणेदोन मीटर अलीकडे सुटते. त्यापुढचं सगळं अंदाजावर. मग सराव कशाचा करायचा? शेवटचा दीड मीटर पाहण्याचा हट्ट सोडून पहिले पाच मीटर पाहण्याचा: पिचरचं मनगट, बोटांची पकड, बॉल सुटताना टाक्यांची फिरकी.

५. फिरकी: इथं थोडं रेंगाळा

एका बॉलवर काळ्या मार्करनं शिवणीला धरून अर्धा भाग रंगवा. स्लो-मोशनमध्ये काळी-पांढरी बाजू आलटून पालटून दिसेल. एका फेरीला १२ फ्रेम लागल्या तर सेकंदाला २० फेऱ्या, मिनिटाला १२००. व्यावसायिक फास्टबॉल मिनिटाला २२०० च्या आसपास फिरतो, म्हणजे होमवर पोचेपर्यंत सोळाएक फेऱ्या.

या फेऱ्या काय करतात? शिवणीवर दोन बोटं आडवी ठेवून टाकलेला फास्टबॉल उलटा फिरत येतो, म्हणजे बॉलचा वरचा भाग पिचरकडे मागे जात असतो. अशा बॉलमागची हवा खाली ढकलली जाते आणि तिची प्रतिक्रिया बॉलला वर ढकलते. फिरत्या टेनिसच्या चेंडूची वाट वळते हे न्यूटननं १६७२ मध्येच नोंदवलं होतं. त्यावर प्रयोग केले जर्मनीच्या हाइनरिख माग्नुसनं १८५२ मध्ये, म्हणून याला माग्नुस परिणाम म्हणतात.

आकडे घालून बघा. फिरकी नसती तर ०.४३ सेकंदात गुरुत्वाकर्षणानं बॉल ९० सेंटिमीटर खाली आला असता. फिरकी त्यातले चाळीसेक सेंटिमीटर वाचवते. बॉल पडतोच, पण अपेक्षेपेक्षा कमी पडतो. बॅटरला तो 'उठला' असं वाटतं आणि बॅट खालून जाते. ओव्हरहँड (हात खांद्यावरून आणून टाकलेला) फास्टबॉल खरोखर उठायला हवेचा रेटा बॉलच्या वजनापेक्षा जास्त लागेल आणि तेवढी फिरकी माणसाच्या मनगटातून येत नाही. कर्व्हबॉलमध्ये हेच उलटं: वरची बाजू पुढे फिरते, हवा बॉलला खाली दाबते, बॉल गुरुत्वाकर्षणापेक्षाही जास्त बुडतो. अमेरिकेत या कर्व्हचा जनक म्हणून कँडी कमिंग्जचं नाव घेतात. समुद्रकाठी शिंपले भिरकावताना त्याला ही कल्पना सुचली, असं तो सांगत असे.

हाताला तेवढी फिरकी येत नसेल तर थर्मोकोलचा बॉल घ्या. वजन नगण्य असल्यानं माग्नुसचा परिणाम कित्येक पट मोठा दिसतो आणि वर्गातल्या वर्गात प्रयोग होतो.

क्रिकेटवाल्यांचा इथं नेहमी घोळ होतो. 'हा आपला स्विंगच की!' नाही. स्विंगमध्ये शिवण तिरकी उभी असते, एक बाजू घासून चकचकीत केलेली असते आणि दोन बाजूंना हवा वेगवेगळ्या ठिकाणी बॉलपासून सुटते. बेसबॉलमध्ये स्विंगचं खरं नातेवाईक म्हणजे नकलबॉल: जवळजवळ न फिरणारा, टाके जसे समोर येतील तशी दिशा बदलणारा आणि टाकणाऱ्यालाही न कळणारा. कर्व्ह मात्र निव्वळ फिरकीचं काम.

बेसबॉलवर चकाकी नकोच असते. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये सामन्याआधी प्रत्येक नव्या बॉलला बारीक चिखल चोळतात, म्हणजे बोटांना पकड मिळते. कोल्हापुरात लगेच कुणाच्या तरी डोक्यात तालमीतली तांबडी माती येते. ती नको. तिच्यात तेल-ताक मुरवलेलं असतं, बॉल उलट बुळबुळीत होईल.

चेंजअपला कुणी विज्ञान म्हणत नाही, पण पोरांना आधी तोच शिकवावा असं माझं ठाम मत आहे. हाताची चाल फास्टबॉलचीच, वेग ताशी १४५ ऐवजी १३०. वेळेत फरक पडतो ०.०५ सेकंदाचा. वाटायला क्षुल्लक, पण बॅटरची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागानं चुकली तरी सरळ जाणारा बॉल फाउल रेषेबाहेर, म्हणजे हद्दीबाहेर, जातो. इथं चूक त्याच्या पाचपट होते. शिवाय कोपरावर फिरकीचा ताण नाही.

६. जोर हातात नसतो

पिचरला तीन प्रकारे टाकायला लावा: गुडघ्यांवर बसून, मग उभं राहून पण पाऊल न टाकता, मग पूर्ण पवित्र्यात. तिन्ही वेळा तिसऱ्या टप्प्यातल्या पद्धतीनं वेग मोजा. हात तोच, खांदा तोच, तरी आकडे पायरीपायरीनं चढतील. जमिनीला पायानं दिलेला रेटा कमरेत येतो, कंबर आधी वळते, छाती मागाहून, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. धोबीपछाड मारणाऱ्या पैलवानाचंही हेच असतं: समोरचा उचलला जातो तो कमरेच्या वळणानं, दंड फक्त शेवटी कामाला येतात. खासबागेत कुस्त्या पाहिलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही.

व्हिडिओत फक्त एक गोष्ट तपासा. पुढचा पाय जमिनीला टेकतो त्या फ्रेममध्ये छाती अजून तिसऱ्या बेसकडे (उजव्या हाताच्या पिचरची) आहे ना? आधीच होमकडे वळली असेल तर साखळी तुटली आणि उरलेलं काम एकटा खांदा करतोय.

उंचवट्याचा, म्हणजे माउंडचा, फायदाही इथंच. १९६८ च्या हंगामात अमेरिकेत पिचर इतके वरचढ ठरले की पुढच्या वर्षी माउंडची उंची ३८ सेंटिमीटरवरून २५ वर आणली. तुमच्याकडे माउंड नसेल तर सपाट जमिनीवरच मोजा, पण माउंडवरच्या आकड्यांशी तुलना करू नका.

हा जोर कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावरून जातो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या मनगटातला कंडरा बसवला आणि तो पुन्हा खेळला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावानं ओळखली जाते. पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी दिवसाच्या पिचची मर्यादा ठरवली आहे: ९-१० वयाला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानं ६६ किंवा जास्त पिच टाकले तर पुढे चार दिवस सुट्टी. स्पर्धेत 'अजून एक इनिंग टाक रे भावा' म्हणणारे भेटतील. स्कोअररजवळ पिच मोजणारं एक पोरगं बसवा आणि त्याचा आकडा अंतिम माना.

७. बॅटची गोड जागा शोधा

बॅट मुठीच्या टोकाशी चिमटीत सैल धरून उभी लटकवा. जाड टोकापासून सुरुवात करून दर दोन सेंटिमीटरला हलक्या हातोडीनं ठोका. बहुतेक ठिकाणी चिमटीत झिणझिण जाणवेल. एका पट्ट्यात ती जवळजवळ नाहीशी होईल आणि आवाजही बदलेल. ही जागा सहसा टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आसपास येते. तिथं कंपनाचा निस्पंद बिंदू (जिथं बॅट जवळजवळ हलत नाही) असतो, म्हणून ऊर्जा बॅट थरथरवण्यात वाया जात नाही. खडूनं गोल आखून ठेवा.

नंतर बॉलला फक्की लावून दहा-वीस फटके मारा आणि ठसे कुठं उमटतात ते पाहा. खडूच्या रेघेपासून मुठीकडे ठसे जास्त असतील तर बॅटर होमच्या फार जवळ उभा आहे. अर्धं पाऊल मागे घ्या.

जोराबाबत एक सोपं सूत्र आहे. लाकडी बॅटच्या गोड जागेवर लागलेल्या बॉलचा वेग म्हणजे पिचच्या वेगाचा ०.२ पट अधिक बॅटच्या वेगाचा १.२ पट. पिच ताशी १०० आणि बॅट ८० असेल तर २० अधिक ९६, म्हणजे ११६. पिच दहानं वाढला तर ११८. बॅट दहानं वाढली तर १२८! 'जोरात येणारा बॉल जोरात जातो' हे खोटं नाही, पण बॅटच्या वेगाची किंमत सहापट आहे. म्हणून जड बॅट पेलवत नसेल तर हलकी घ्या, किंवा मूठ दोन बोटं वर धरा.

बॉल आणि बॅट एकमेकांना चिकटून राहतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेच. धडकेची थरथर मुठीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. त्या क्षणी मूठ घट्ट आवळून काही साधत नाही. जे काय करायचं ते आधी वेगात करून घ्यायचं.

८. ४५ अंशांचा हट्ट सोडा

पुस्तकातले ४५ अंश निर्वात जागेसाठी आहेत. ताशी १६० किलोमीटर वेगानं २८ अंशांत निघालेला बॉल हवा नसती तर १६९ मीटर गेला असता. प्रत्यक्षात तो १२० मीटरच्या आसपास पडतो. हवेचा अडथळा इतका मोठा असल्यानं लांब फटक्यासाठी २५ ते ३० अंश सर्वांत फायद्याचे. प्लास्टिकच्या पाइपाचा टी करून त्यावर बॉल ठेवा, बाजूनं चित्रण करा, पहिल्या काही फ्रेमवरून कोन मोजा आणि अंतर टेपनं. कोन वाढवायला बॅट वर खेचायची नसते. बॉलच्या मध्याच्या किंचित खाली लागली की कोनही मिळतो आणि बॉल हवेत तरंगवणारी उलटी फिरकीही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ, म्हणून तोच फटका इथं साधारण दोन मीटर जास्त जाईल. पण ताशी आठ किलोमीटरची वाऱ्याची झुळूक पाठीशी असली तर पाचेक मीटरचा फरक पडतो. प्रयोगाच्या वेळी एका काठीला सुतळी बांधून वारा नोंदवा, नाहीतर सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळणार नाहीत.

९. उंच बॉल कसा पकडायचा

आउटफिल्डचा, म्हणजे डायमंडच्या पलीकडचा, खेळाडू गणित करत नाही, तरी जागेवर पोचतो. सेव्हिल चॅपमन यांनी १९६८ मध्ये त्याचं उत्तर मांडलं. बॉल नजरेत एकसारख्या गतीनं वर चढतोय असं वाटलं तर तुम्ही बरोबर जागी आहात. चढण्याची गती वाढतेय असं वाटलं तर बॉल डोक्यावरून जाणार, मागे पळा. मंदावतेय असं वाटलं तर पुढे या. सरावात पोराला हलू न देता पहिल्या सेकंदात फक्त 'पुढं' किंवा 'मागं' ओरडायला लावा. पाय नंतर आपोआप शिकतात.

१०. बेसची चोरी

पहिल्या बेसवर स्लाइड करू नका, म्हणजे जमिनीवरून घसरत जाऊ नका, घर्षण वेग खातं. तिथं पुढे पळत निघून जायची मुभा आहे. दुसऱ्या बेसवर ती नाही, म्हणून तिथं स्लाइड.

चोरी म्हणजे पिचर बॉल टाकत असताना धावणाऱ्यानं पुढचा बेस गाठणं. तिचा हिशोब स्टॉपवॉचवर होतो. व्यावसायिक पातळीवर पिचरच्या पहिल्या हालचालीपासून बॉल होममागच्या कॅचरकडे यायला सुमारे १.३ सेकंद आणि कॅचरच्या ग्लोव्हमधून दुसऱ्या बेसवर जायला २.० सेकंद लागतात. एकूण ३.३. धावणारा तीन-साडेतीन मीटर पुढे सरकून उभा असतो, म्हणजे त्याला २४ मीटर काटायचे असतात. तुमच्या संघाचे तिन्ही आकडे वेगवेगळे घ्या आणि कॅचरच्या आकड्याला टॅग करायची (धावणाऱ्याला बॉल लावायची) वेळ जोडायला विसरू नका. कॅचरची फेक सुधारायला महिने जातात. पिचरला पाय कमी उचलून टाकायला लावलं तर एका दुपारीत दोन-तीन दशांश सेकंद वाचू शकतात, त्यामुळे चोऱ्या थांबवायच्या असतील तर आधी पिचरचा व्हिडिओ उघडा.